करमअली सारंगाची जबानी

करमअलीचाचांनी स्वतःविरुद्ध जबानी दिली. ती मी माझ्या हातानं लिहून घेतली. लिहिताना दोनदा थांबलो. दोन्ही वेळा ते म्हणाले, "लिही, बीए. शाई सुकंल."

त्याला आता चार वर्षं झाली. चाचा म्हसळ्याच्या खाडीत शिडाचा मचवा चालवतात आणि सुखी आहेत. मी मात्र त्या महिन्याबद्दल विचार करू लागलो की अजून गोंधळतो. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

मी एकतीस साली बी.ए. झालो. विषय मराठी आणि संस्कृत. नोकरी मिळेना. शेवटी धरमतरच्या धक्क्यावर एका लहानशा लाँच कंपनीत कारकून म्हणून लागलो. ती कंपनी आता नाही. मुंबई ते धरमतर अशी तिची एकच लाँच होती, 'जमना'. करमअलीचाचा तिचे सारंग. म्हणजे सुकाणू त्यांच्या हाती, आणि लाँचवर शब्दही त्यांचाच.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "किती शिकलास?"

"बी.ए."

"म्हंजे किती वर्सं?"

"पंधरा."

"पंधरा वर्सांत मी चार तुफानं पाह्यली. तू काय पाह्यलंस?"

"नाटकं वाचली," मी म्हणालो.

"मग जमंल तुला. हितं रोज एक असतं."

तेव्हापासून मी बीए झालो. माझं नाव त्यांनी कधीच विचारलं नाही. रोज दुपारी मात्र आम्ही एका ताटात जेवायचो. ते भाकरी आणि सुकटीची चटणी आणत, मी खानावळीचा भात. खानावळवाल्या बामणाला हे कळलं तेव्हा त्यानं मला बाहेरच्या ओट्यावर वाढायला सुरुवात केली. चाचा म्हणाले, "बरं झालं. ओट्यावर वारा हाय."

चाचा तेव्हा पन्नाशीचे होते. पाय थोडे फेंगडे, दाढी मेंदीनं लाल. तरुणपणी विलायतेच्या बोटींवर खलाशी होते. बायको शहरबानू म्हसळ्याला. दोन महिन्यांतून एकदा ते घरी जात.

'जमना'चा इंजिन-ड्रायव्हर अंबाजी. थळचा माणूस, चाळिशीतला, अबोल. तो आणि चाचा अकरा वर्षं एका लाँचवर होते. 'जमना' वाफेवर चालायची. तिचं इंजिन मुकाट्यानं काम करी. सुकाणू बरोबर इंजिनाच्या डोक्यावर होतं, मधे फक्त फळ्या. सारंगानं घंटेची दोरी ओढून ड्रायव्हरला खूण करायची असा नियम होता. पण दोरी सारखी तुटे. त्यामुळे या दोघांनी आपली खूण ठरवली होती. चाचा टाच आपटत. एकदा आपटली की थांब. दोनदा म्हणजे पुढे. तीनदा म्हणजे मागे.

"थांबायला एकच का?" मी एकदा विचारलं.

"घाईत दोन मारायला येळ नसतो," चाचा म्हणाले. "पुढं जायची कुनाला घाई हाय?"

अंबाजी खाली काहीच पाहू शकत नसे. धक्का किती दूर आहे, समोर होडी आहे की काय, त्याला ठाऊक नसे. टाच ऐकली की त्याचा हात दांड्यावर जाई. विचार करावा लागत नसे. 'जमना' धक्क्याला लागायची ती इतकी अलगद, की पुढे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं मूल जागं होत नसे.

आमच्या खाडीची एक गोष्ट सांगायला हवी. ओहोटीला धरमतरच्या धक्क्यापुढे नुसता चिखल उरतो. लाँच येते ती भरतीला, आणि पाणी उतरायच्या आत तिला निघावं लागतं. आणि भरती रोज पाऊण तास उशिरा येते. म्हणून आमचं वेळापत्रक घड्याळावर नव्हतं, पाण्यावर होतं. उतारूंना फक्त गाडीची वेळ बदलल्यासारखं वाटे. लाँचवरच्या माणसांची झोप मात्र रोज पाऊण तास सरके. पंधरा दिवसांत ती सबंध घड्याळाभोवती फिरून येई. म्हणून पूर्वीपासून दोन पाळ्या होत्या. एका पाळीनं दोन दिवस लाँच चालवायची, दुसरीनं झोपायचं.

तेहेतीस सालच्या जानेवारीत कंपनीनं 'जमना'च्या जागी नवी लाँच आणली, 'विजया'. ती तेलावर चालायची. 'जमना'पेक्षा तास-पाऊण तास लवकर पोचायची. मुंबईच्या मालकांनी हिशोब केला, की वेगवान लाँचला दुसरी पाळी कशाला? ती त्यांनी काढून टाकली. आमचे मॅनेजर पोतनीस. वाईट गृहस्थ नव्हते. मुंबईहून आलेलं प्रत्येक पत्र ते उभं राहून वाचत.

'विजया'चं सुकाणू पुढच्या टोकाला आणि इंजिन मागे. इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. टाच ऐकू येणं शक्यच नव्हतं. खाली तारेची घंटा होती आणि घंटेखाली पितळेची पाटी. पाटीवर कारखान्यानं कोरून ठेवलं होतं: एक ठोका पुढे, दोन ठोके थांबा, तीन ठोके मागे.

पहिल्याच आठवड्यात चाचा कचेरीत आले.

"बीए, अर्ज लिही. पाटी बदला म्हनावं. एकाला थांब करा."

"एवढ्यानं काय होतं, चाचा? सवय होईल."

"माझी व्हईल. मी डोळ्यांनी बघतो, मग वाजवतो. त्याला डोळे न्हाईत खाली. त्याला हात हायत फक्त. हाताला अकरा वर्सं एकच ठाव हाय."

मी अर्ज लिहिला. पाटी बदलावी. आणि शिमग्याच्या गर्दीत तरी दुसरी पाळी द्यावी. खाली चाचांची सही. आठ दिवसांनी मुंबईचं उत्तर आलं. घंटेचे संकेत कारखान्यानं ठरवलेले असल्यामुळे बदलता येत नाहीत. नोकरांनी ते पाठ करावेत. पाळीबद्दल एक अक्षर नव्हतं.

पोतनिसांनी पत्र वाचून दाखवलं. चाचांनी शांतपणे ऐकलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पाटी पितळेची. ती कशी बदलंल? मानूस मऊ. त्यालाच वाकवा."

"सारंग, जीभ सांभाळा."

"जीभ कंपनीची न्हाय, साहेब. टाच व्हती, ती घेतलीत."

अंबाजीनं पाटी पाठ केली. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याला रोज म्हणून दाखवी. दोन महिने एक चूक झाली नाही. पण तो दमलेला दिसे. पूर्वी तो ठोका ऐकून दांडा ओढी. आता ठोका ऐकून, क्षणभर थांबून, ओठांनी काही पुटपुटून मग ओढी. मी त्याला विचारलं, की पुटपुटतोस काय?

"उलटं करतो," तो म्हणाला. "हात सांगतो एक. मी त्याला सांगतो, न्हाय रं, दुसरं."

मग शिमगा आला. मुंबईच्या गिरण्यांतून, गोद्यांतून माणसं गावी निघाली. होळीच्या पौर्णिमेला उधाण, खाडीत भरपूर पाणी. कंपनीनं हुकूम काढला, की एकही पाणी चुकवायचं नाही. दिवसाचं पाणी आणि रात्रीचं पाणी, दोन्हींना लाँच आणायची. चार दिवस, आठ पाणी. मुंबईला उतारू उतरले की तेल भरायचं, इंजिन पुसायचं. जमली तर दीड तासाची डुलकी. पुन्हा सुटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला 'विजया' धरमतरला येत होती. मी धक्क्यावर उभा होतो. लाँच भरलेली. कपाळांना गुलाल लावलेली माणसं टपावर बसली होती. धक्का पन्नास हातांवर आला, आणि मला घंटा ऐकू आली. दोन ठोके. स्वच्छ.

लाँच थांबली नाही. इंजिनाचा आवाज चढला आणि ती पुढे उसळली.

मी चाचांना सुकाणू फिरवताना पाहिलं. त्यांनी घंटेची तार पुन्हा ओढली, पण तोवर 'विजया' धक्क्याच्या पायऱ्यांवर आदळली होती. तिसरी पायरी फुटली. लाँचचं नाक चेपलं. नाकापाशी बसलेली सोनाबाई कोळीण मासे विकून रिकामी पाटी घेऊन येत होती. ती उडून कठड्यावर पडली आणि तिचा उजवा हात कोपराखाली मोडला.

आरडाओरडा चालू होता. अंबाजी खालून वर आला. त्यानं फुटलेली पायरी पाहिली नाही. सोनाबाईला पाहिलं नाही. तो सरळ चाचांकडे गेला. त्याचा चेहरा मला आठवतो. काम बरोबर केलेल्या माणसाचा चेहरा होता.

"करमभाई," तो म्हणाला, "तुमी दोन मारलेत ना? मी दिली की पुढं."

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग अंबाजीला कळलं. तो तिथंच खाली बसला.

संध्याकाळी पोतनिसांनी चाचांना कचेरीत बोलावलं. मी कोपऱ्यात टिपण काढत होतो. मुंबईहून तार आली होती. बंदरखात्याची चौकशी होणार होती.

"सारंग, शिमग्याचे दिवस," पोतनीस म्हणाले. "सगळे पितात. अंबाजी थळचा. ताडी प्यायला असणार."

"प्याला नव्हता."

"तुम्ही वर होता, तो खाली होता. तुम्हांला कसं माहीत?"

"तसंच तुमाला कसं माहीत?"

पोतनिसांनी आवाज खाली आणला. "हे बघा. तुम्ही मुसलमान माणूस. कधी थेंब घेतला नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे. त्याच्या तोंडाला वास येत होता, एवढं जबानीत सांगा. दुरुस्ती झाली की तुम्ही परत लाँचवर. मी लिहून देतो."

"मी कधी थेंब घेतला न्हाय, खरं हाय," चाचा म्हणाले. "म्हनून मला तो वास वळखता येत न्हाय. ज्याला येतो त्यानं लिहावं."

पोतनीस लाल झाले. त्यांना अधूनमधून सर्दीसाठी थोडी ब्रँडी लागे, हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं.

दारुडा ठरला असता तर अंबाजीचा परवाना कायमचा गेला असता. कोकणपट्टीवर कुणी त्याला इंजिनाजवळ उभं केलं नसतं. तेवढं आम्हांला सगळ्यांना समजत होतं. दुसरं काय चाललं होतं, ते मला पालीला कळलं.

अंबाजीची बायको जनी. नवरा जेवत नाही, बोलत नाही, म्हणून तिनं बल्लाळेश्वराला नवस केला. त्याला पालीला न्यायचं ठरवलं आणि मला सोबत चल म्हणाली. देवळात गर्दी नव्हती. अंबाजी हात जोडून उभा होता. मागून कुणी एक म्हातारा आला आणि त्यानं सभामंडपातली मोठी घंटा वाजवली. दोनदा.

अंबाजीचा उजवा हात पुढे गेला. जोडलेल्या हातांतून सुटून, मूठ वळून, समोर दांडा असल्यासारखा पुढे गेला. आणि लगेच त्यानं तो डाव्या हातानं धरून मागे ओढला. पुन्हा पुढे गेला. पुन्हा ओढला. घामानं सदरा भिजला. जनीनं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि त्याला बाहेर नेलं.

बाहेर झाडाखाली तो मला म्हणाला, "भाऊ, मी प्यालो व्हतो असं लिवा. ते बरं. प्यालेला मानूस उतरतो तरी."

धरमतरला येऊन मी हे चाचांना सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"चौकशीत माझी जबानी पैली घ्यायला सांग," ते म्हणाले.

चौकशी धक्क्यावरच्या उतारूंच्या छपरीत झाली. मुंबईहून एक पारशी कप्तान आले होते. वयस्क, नेटके, मराठी बरी बोलत. मी चाचांचा निरोप सांगितला, तरी त्यांनी आधी जखमी सोनाबाईला बोलावलं. ती हाताला बांबूच्या पट्ट्या बांधून आली होती.

"बाई, डायवर प्यालेला होता?"

"आधी माझा हात बगा," सोनाबाई म्हणाली. "दीड महिना पाटी उचलाया न्हाय येनार. दोघांना बी मी शिव्या घातल्यात, इचारा त्यांना."

"ते ठीक. पण प्यालेला होता का?"

"सायब, माझा दादला रोज पितो. पंचवीस वर्सं बगते मी. प्यालेला मानूस आरडतो, गातो, न्हायतर पडतो. ह्यो उभा व्हता नि डोळं उगडं ठेवून झोपला व्हता. मुंबैला लाँचवर चढताना मी त्याला हाक मारली, त्यानं वळखलं न्हाय मला. ही झोप व्हती. हात माझा मोडलाय, पन खोटं मी कुनासाठी बोलनार न्हाय. ह्या मॅनेजरसाठी तर न्हायच न्हाय. लाँचवर माझी सुकी मासळी भिजली, तवा बी ह्यानं कंदी दोन पैसं दिलं न्हाईत."

लोक हसले. पोतनिसांनी कागद चाळले.

चाचा पुढे झाले. "साहेब, जबानी देतो. पन आधी एक अर्ज. आपन खाली जाऊन बघा. मी वरून ठोके देतो. आपन दांडा धरा."

कप्तानांनी कोट काढला आणि घडी करून बाकावर ठेवला. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस तेलकट शिडीवरून खाली गेला, हे मी पाहिलं. चेपलेल्या नाकाची 'विजया' हळूच खाडीत नेली. वीस मिनिटं चाचा ठोके देत होते. एक, दोन, तीन, दोन, एक. कप्तानांनी प्रत्येक ठोक्याला पाटीप्रमाणे दांडा फिरवला. सोळा वेळा. एकदाही चुकले नाहीत.

ते वर आले तेव्हा घामानं निथळत होते. पोतनीस पहिल्यांदाच हसले.

"सारंग," कप्तान म्हणाले, "कठीण काम आहे. पण अशक्य नाय."

"सोळापैकी सोळा," चाचा म्हणाले. "मान्य हाय. साहेब काल किती झोपले?"

"सात तास."

"आनि यापूर्वी अकरा वर्सं, एक म्हंजे थांब आनि दोन म्हंजे पुढं, असं आपल्या हाताला कुनी शिकवलं व्हतं?"

कप्तानांनी नकारार्थी मान हलवली.

"न्हाय ना," चाचा म्हणाले. "मग तुमी पाटी वाचली, साहेब. अंबाजीला आपल्या हाताची सवय आधी मोडायला लागते, मग पाटी वाचायला मिळते. सात तास झोपून तो बी मोडतो. दोन महिने रोज मोडली त्यानं. आठ पाण्यांनंतर न्हाय मोडली."

पोतनीस उठले. त्यांच्या हातात मी लिहिलेला अर्ज होता. मला वाटलं होतं, तो त्यांनी कधीच फाडला असेल. पण त्यांनी तो जपून ठेवला होता.

"कप्तानसाहेब, हे वाचा. सारंगाला दोन महिने आधीपासून माहीत होतं, की ड्रायव्हर गोंधळू शकतो. त्यांची स्वतःची सही आहे. तरी त्यांनी लाँच आणली. मग दोष कुणाचा?"

मी चाचांकडे पाहिलं. आता ते सांगतील, की नोकर माणूस काय करणार, हुकूम होता. मी ते वाक्य लिहायला टाक शाईत बुडवून ठेवला होता.

"माझा," चाचा म्हणाले. "लिही, बीए."

मी थांबलो.

"चाचा, परवाना जाईल," मी हळूच म्हणालो.

"लिही. शाई सुकंल."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. शब्द त्यांचेच आहेत. पुस्तकी मराठी फक्त माझी.

मी करमअली, वय पन्नास, सारंग. त्या दिवशी मुंबईहून सुटण्यापूर्वी मी इंजिनापाशी गेलो. ड्रायव्हर अंबाजी उभ्यानं झोपला होता. मी त्याला हलवून जागं केलं. तो प्यालेला नव्हता. तो आठ पाणी जागा होता. मीही आठ पाणी जागा होतो. त्याला घंटेचा गोंधळ होतो हे मला ठाऊक होतं. लाँच सुटू नये असं मला वाटलं. लाँच थांबवण्याचा अधिकार सारंगाला आहे. मी थांबवली नाही. हुकुमाला भ्यालो. अंबाजीच्या हातानं चूक झाली, पण तो हात मी ओढून इथवर आणला. दारूचा आळ मी मानत नाही आणि ज्यानं तो घेतला त्यानं तो माझ्यावर घ्यावा. शिक्षा द्यायची तर मला द्या. मात्र दमलेल्या माणसाला दमलेला असंच लिहा.

शेवटच्या वाक्याला मी दुसऱ्यांदा थांबलो. मला पुढचं दिसत नव्हतं. "लिही, बीए. शाई सुकंल," चाचा पुन्हा म्हणाले.

"हुकुमाला भ्यालो, हे ठेवायचं?" कप्तानांनी विचारलं. "खोडता येईल."

"ते ठेवा," चाचा म्हणाले. "तेच तर खरं हाय. पुन्हा भिनार न्हाय, हे बी लिवलं तरी चालंल."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर रागावलो. म्हणालो, की एका वाक्यानं तुम्ही सुटला असता.

"मी सुटलो असतो," ते म्हणाले, "आनि त्यानं दर घंटेला हात धरून बसायचं?"

"पण तुम्ही काय करणार आता?"

"मचवा हाय म्हसळ्याला. शीड हाय, वारा हाय. मचव्याला पाटी नसते."

पंधरा दिवसांनी निकाल आला. मी तो मोठ्यानं वाचला. ड्रायव्हर नशेत असल्याचा पुरावा नाही. अतिश्रम आणि जुनी सवय यांमुळे चूक. ताकीद देऊन परवाना कायम. सारंग करमअली यांनी माहीत असून लाँच हाकारली, म्हणून परवाना सहा महिने रद्द. कंपनीनं पाळ्यांचा विचार करावा असा सल्ला.

"सल्ला," चाचा म्हणाले. "हुकूम आपल्याला, सल्ला त्यांना."

जनीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते गडबडून मागे सरले. "ए पोरी, माझ्या धर्मात बसत न्हाय हे." अंबाजी नुसता उभा होता. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं. "तू दमलेला हायस. दारुडा न्हाय, येडा न्हाय. सरकारनं शिक्का मारलाय. आता ते तोंडानं बोलायला शीक."

कंपनीनं सल्ला फाईलला लावला. दुसरी पाळी आली नाही. चाचांच्या जागी रेवदंड्याचा सदा नावाचा सारंग आला. दुरुस्तीला मुंबईला गेलेली 'विजया' परत आणायला अंबाजीला पाठवलं. तिथं त्यानं दोन दिवस आणि दोन रात्री मिस्त्रीबरोबर इंजिन जोडलं आणि सकाळच्या पाण्याला लाँच धरमतरला आणली. दिवसभर ती गाळात बसली होती, तेव्हाही तो इंजिनाची गळती काढत होता. पोतनिसांनी फळ्यावर लिहिलं: आजच पुन्हा, संध्याकाळच्या पाण्याला मुंबईसाठी सुटेल.

त्याच संध्याकाळी चाचा गावी निघाले होते. धक्क्याच्या टोकाशी पत्र्याची ट्रंक घेऊन मोटारीची वाट बघत होते. छपरीत शंभर-एक उतारू होते. सोनाबाईही होती, पट्ट्या बांधलेला हात झोळीत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला चालली होती. पाणी पुरतं भरलं होतं. सदानं सुकाणू धरलं. दोर सोडायचा होता.

अंबाजी इंजिनाच्या तोंडाशी आला. खाली उतरला नाही.

"सदा, आज न्हाय," तो म्हणाला.

पोतनीस धावत आले. "काय नाही?"

"झोप न्हाय झाली. चार पाण्यांची बाकी हाय."

"वाटेत झोप."

"वाटंत मी दांड्यावर असतो, साहेब."

हे एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पोतनिसांसमोर कधी ऐकलं नव्हतं. उतारू उठून जवळ आले होते.

"तुझ्या झोपेसाठी ही शंभर माणसं थांबणार?"

"थांबतील."

"तुला काढून टाकीन. आत्ता."

"टाका," अंबाजी म्हणाला. "पन मी आधी झोपतो."

काळा कोट घातलेला एक वकील ओरडला, की उद्या सकाळी त्याचा हायकोर्टात खटला आहे. ते खरं असणार. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. कुणीतरी त्याला दुजोरा दिला. पोतनिसांना जोर आला. ते सदाकडे वळले. "सारंग, याला खाली घाला. दोर सोडा."

सोनाबाई गर्दीतून पुढे आली. "मॅनेजर, तुमीच जा की खाली. दांडा धरा. मी म्होरं नाकापाशी बसते. हा दुसरा हात हाय अजून माझा."

हशा पिकला. वकीलही हसला, मग पुन्हा रडवेला झाला. सदा तरुण होता, नवीन होता. त्यानं पोतनिसांकडे पाहिलं. मग धक्क्याच्या टोकाकडे पाहिलं. चाचा ट्रंकेवर बसले होते. त्यांनी काही खूण केली नाही. मी नीट बघत होतो. नुसते बसले होते.

सदानं सुकाणू सोडलं. वाकला, आणि सैल केलेला दोर पुन्हा खुंटाला गुंडाळला.

"सारंगाचा शब्द हाय," तो पोतनिसांना म्हणाला. "लाँच सुटनार न्हाय."

अंबाजी छपरीत आला. बाकावरच्या दोन बायकांनी उठून त्याला जागा दिली. तो आडवा झाला, आणि तोंडावर टोपी घ्यायच्या आधीच झोपला. चाचांची मोटार आली. भोंगा वाजवला. त्यांनी हातानंच तिला जा म्हणून सांगितलं. ट्रंक उचलून त्यांनी बाकाशेजारी आणली आणि तिच्यावर बसले. एक पोर रडू लागलं, तर त्याच्या आईकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

पाणी उतरू लागलं. आधी पायऱ्या उघड्या पडल्या, मग चिखलाची कड. 'विजया' हळूहळू कलली आणि गाळात बसली. आता मनात असतं तरी कुणी तिला हलवू शकत नव्हतं. काही उतारू शिव्या देत बैलगाड्या बघायला गेले. बाकीच्यांनी भाकऱ्या सोडल्या.

पोतनीस कचेरीच्या दारात बराच वेळ उभे होते. मग माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज खूप खाली आला होता.

"विचारा त्यांना. किती वेळ झोपणार हा?"

मी चाचांना विचारलं.

"फुडचं पानी येईस्तोवर," ते म्हणाले. "मग जागा करून इचारू. झाली नसंल, तर त्याच्या फुडचं."

मी तसंच जाऊन पोतनिसांना सांगितलं.